तिसाव्या मिनिटाचा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ संपली की घरोघरी लॅपटॉपची खरेदी निघते. आईवडिलांना तो असाइनमेंट, प्रोजेक्ट आणि ऑनलाइन तासांसाठी हवा असतो. मुलालाही त्यासाठीच हवा असतो, पण त्याच्या मनात आणखी एक प्रश्न घोळत असतो: यावर गेम चालेल का? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत या प्रश्नाचं उत्तर साधारण एकच मिळतं. "आय-फाइव्ह आहे, एसएसडी आहे, सगळं चालतं." उत्तर खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर पन्नास-साठ हजार रुपये मोजावेत इतकं त्यात काही सांगितलेलंही नाही.

गेमिंगसाठी म्हणूनच विकल्या जाणाऱ्या जाडजूड यंत्रांची गोष्ट वेगळी. हे प्रकरण सर्वसाधारण कामाच्या लॅपटॉपविषयी आहे: दीड किलोच्या आसपासचा, पातळ, ६५ वॅटच्या चार्जरवर चालणारा आणि बहुतेकदा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. त्याची गेमिंगची ताकद जोखताना माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे. पहिल्या मिनिटाला तो काय दाखवतो ते बाजूला ठेवा आणि तिसाव्या मिनिटाला काय टिकवतो ते पाहा. चिपचं नाव, जाहिरातीतला आकडा, दुकानातला डेमो हे सगळं पहिल्या मिनिटाचं असतं. खेळणारा मात्र तास-दीड तास बसतो.

आधी 'चालतो' म्हणजे काय ते ठरवू. पडद्यावरचा गेम म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० वर भागणार असेल तर ३३.३. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, गाडी किती वेगाने वळतेय याचा हिशेब करायचा आणि ग्राफिक्सने ते दृश्य रंगवायचं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. फ्रेम वेळेत तयार झाली नाही तर जुनंच चित्र क्षणभर तसंच राहतं आणि हाताला झटका जाणवतो.

हे मोजायची पद्धत जुनी आहे. १९९३ साली आयडी सॉफ्टवेअरने आणलेल्या 'डूम'मध्ये 'टाइमडेमो' नावाची सोय होती. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला खेळ संगणकाने झेपेल तितक्या वेगाने पळवायचा आणि शेवटी दोन आकडे सांगायचे: गेमच्या घड्याळाचे ठोके किती झाले आणि प्रत्यक्षात किती ठोक्यांचा वेळ लागला. पहिल्याला दुसऱ्याने भागून ३५ ने गुणलं की सेकंदाची सरासरी मिळे, कारण डूमचं घड्याळ सेकंदाला ३५ ठोक्यांनी चालत असे. तीन वर्षांनी आलेल्या 'क्वेक'मध्येही टाइमडेमो होता, आणि त्या काळातल्या कितीतरी ग्राफिक्स कार्डांची पारख त्याच्यावर झाली. सेकंदाला सरासरी किती फ्रेम, हा एकच आकडा पुढे वर्षानुवर्षं प्रमाण मानला गेला.

त्या आकड्यातली फट २०११ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉट वॉसन यांनी उघडी करून दाखवली. ते 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकी प्रकाशनाचे संपादक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: सेकंद हा खेळणाऱ्यासाठी फार मोठा काळ आहे, त्याच्या पोटात काय घडतं ते पाहायला हवं. हिशेब करून बघा. समजा एका सेकंदात ६० फ्रेम पडल्या. त्यातल्या ५५ फ्रेमना प्रत्येकी १२ मिलिसेकंद लागले, म्हणजे ६६०. उरलेल्या ५ फ्रेमना प्रत्येकी ६८, म्हणजे ३४०. बेरीज बरोबर हजार. सरासरी ६०, कागदावर उत्तम. पण त्या पाच फ्रेमच्या वेळी तुमचा गेम सेकंदाला पंधराच्याही खालच्या गतीने चालला होता, आणि त्या सहसा नेमक्या तेव्हाच येतात जेव्हा समोर धूर होतो, स्फोट होतो, चार जण एकदम अंगावर येतात. हरायला तेवढं पुरतं. वॉसन यांच्या लेखानंतर प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवण्याची पद्धत रुळली, आणि आज चाचण्यांमध्ये सरासरीच्या शेजारी 'वन पर्सेंट लो' नावाचा आकडा असतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कोणत्या गतीने पडल्या, हे तो सांगतो. तो काढण्याची रीत प्रत्येक साधनाची थोडी वेगळी असते, म्हणून दोन साधनांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. माझा ठोकताळा असा: वन पर्सेंट लो सरासरीच्या निम्म्याहून खाली गेला, तर सरासरी कितीही चांगली असली तरी तो गेम त्या लॅपटॉपवर 'चालत' नाही.

दुसरा प्रचलित आकडा म्हणजे कृत्रिम चाचणीचे गुण. त्यांतलं सर्वांत परिचित नाव 'थ्रीडीमार्क'. फिनलंडच्या फ्युचरमार्क कंपनीने सुरू केलेला हा कार्यक्रम १९९८ पासून चालत आला आहे. या गुणांकडे डोळे उघडे ठेवून पाहावं याचं कारण मे २००३ मध्ये सापडतं. 'थ्रीडीमार्क०३'च्या चाचणीत कॅमेरा कुठल्या मार्गाने फिरणार हे आधीपासून ठरलेलं असे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये याचा फायदा घेतलेला फ्युचरमार्कला आढळला: त्या मार्गावरून दिसणारच नाही तो भाग रंगवायचं काम टाळलेलं होतं. फ्युचरमार्कने चाचणी दुरुस्त केली तेव्हा एनव्हिडियाच्या कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. प्रतिस्पर्धी एटीआयचेही दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. पुढे फ्युचरमार्क आणि एनव्हिडियाने संयुक्त निवेदन काढून भाषा मवाळ केली, पण परीक्षेचा पेपर आधीच माहीत असला की गुणांचा अर्थ बदलतो हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आजचं थ्रीडीमार्क बरंच काटेकोर आहे आणि मी ते वापरावंच म्हणेन, फक्त योग्य चाचणी निवडून. २०१६ ची 'टाइम स्पाय' ही वेगळ्या ग्राफिक्स कार्डांसाठी आहे. साध्या लॅपटॉपला ती फार जड जाते. त्याच्यासाठी २०१८ मध्ये आलेली 'नाइट रेड' बरी. मला सर्वांत उपयोगी वाटते ती मात्र पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीतली ताण-चाचणी. तीत तोच प्रसंग सलग २० वेळा चालवतात, सर्वांत वाईट फेरीला सर्वांत चांगल्या फेरीने भागतात, आणि ९७ टक्क्यांच्या खाली गेलं तर नापास. ताकद मोजणाऱ्या चाचण्या पुष्कळ आहेत. दम मोजणारी ही एक.

दम का जातो, ते आता जवळून पाहू.

इंटेलच्या कोअर आय-फाइव्ह १२३५यू या प्रोसेसरचं उदाहरण घ्या. असंख्य साध्या लॅपटॉपमध्ये तो आहे. त्याची मूळ शक्ती-मर्यादा १५ वॅट, पण थोड्या वेळासाठी त्याला ५५ वॅटपर्यंत घेता येते. या दोन मर्यादांना पीएल१ आणि पीएल२ म्हणतात. वरच्या मर्यादेवर किती वेळ राहू द्यायचं हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. २८ सेकंद हा नेहमी दिसणारा आकडा. ब्राउझर उघडणं, एक्सेलची मोठी फाइल चालवणं, फोटो सेव्ह करणं ही कामं २८ सेकंदांच्या आत उरकतात, म्हणून असा लॅपटॉप रोजच्या वापरात चपळ वाटतो आणि ती चपळाई खरीच असते. गेम मात्र त्या मुदतीत संपत नाही.

'एचडब्ल्यूइन्फो' नावाचा मोफत प्रोग्राम उघडा, त्यातली 'पॅकेज पॉवर' ही ओळ डोळ्यांसमोर ठेवा आणि गेम सुरू करा. आकडा एकदम वर जातो. पंखा अजून शांत असतो, फ्रेम भरभर पडत असतात. अर्धं मिनिट जातं न जातं तोच आकडा खाली येऊन एका पातळीवर थांबतो आणि फ्रेमही थोड्या कमी होतात. मग पंखा चढतो. पाच-सात मिनिटांत कीबोर्डच्या वरच्या ओळीलगतचा पत्रा तापतो, डाव्या हाताच्या बोटांखाली डब्ल्यू, ए, एस, डी या कळांशी ऊब जाणवते. दहा-पंधरा मिनिटांनी कधीकधी आकडा पुन्हा उतरतो, आणि या वेळी चिप स्वतः धोक्याच्या तापमानाला पोचलेलीही नसते. बाहेरचा पत्रा हाताला चटका देण्याइतका तापू नये म्हणून अनेक लॅपटॉपमध्ये चिपला आवरायची व्यवस्था असते, तिचा हा परिणाम. त्यामुळे जाडीला थोडा जास्त आणि दिसायला साधा लॅपटॉप त्याच चिपवर जास्त टिकतो, असं अनेकदा घडतं. धातूच्या सुबक, पातळ अंगाचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक अडचण येते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात आणि १५ वॅट दोघांत मिळून असतात. एकाच नळावर दोन घरांनी हंडे लावावेत, तसा हा प्रकार. प्रोसेसरने जास्त ओढलं की ग्राफिक्स उपाशी राहतं. गेममध्ये बहुतेकदा अडून बसलेलं असतं ते ग्राफिक्स, आणि प्रोसेसर मात्र उगाचच वरच्या गतीला धावून वॅट खात असतो. याचा उपाय शेवटी सांगतो.

दिलासा देणारी गोष्टही इथेच सांगायला हवी. शक्ती निम्मी झाली म्हणून फ्रेम निम्म्या होत नाहीत. चिपची गती थोडी वाढवायची तर तिचा व्होल्टेजही वाढवावा लागतो, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणजे शेवटची थोडीशी गती फार महाग पडते. उलट बाजूने, २८ वॅटवरून १५ वर उतरलेली चिप पुष्कळसं काम अजून करत असते. म्हणूनच लहान यंत्रांकडून शहाणपणाने काम करून घेता येतं.

आपल्याकडे उष्णतेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. परदेशी परीक्षणं साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरला बाहेर ४५ अंश असताना पंख्याखालच्या खोलीत ३८ अंश सहज असतात. चिपची कमाल मर्यादा ९५ अंश धरली, तर २० अंशांच्या खोलीत तिच्या आणि हवेच्या तापमानात ७५ अंशांचं अंतर राहतं, ३८ अंशांच्या खोलीत ५७ चं. बाहेर टाकता येणारी उष्णता ढोबळमानाने या अंतराच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण उष्णता फेकण्याची क्षमता जवळपास पाऊण. परीक्षणात पूर्ण दमाने चाललेला लॅपटॉप विदर्भातल्या मुलाच्या टेबलावर मे महिन्यात थकतो, यात यंत्राचा दोष नसतो आणि परीक्षण करणाऱ्याचाही. जुलैत खरेदी करून लगेच केलेल्या चाचणीतून उन्हाळ्याचा अंदाज येत नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्यावं. आणि गादीवर ठेवून खेळू नये. बहुतेक लॅपटॉप तळातून हवा ओढतात. गादी ती वाट बुजवते.

आता मेमरी. साध्या लॅपटॉपच्या गेमिंगमध्ये सर्वांत स्वस्तात सुधारणारी आणि खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. चिपमधल्या ग्राफिक्सला लॅपटॉपची रॅमच वापरावी लागते. डीडीआर४-३२०० जातीची एकच पट्टी बसवलेली असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गीगाबाइट माहिती ये-जा करू शकते. दोन पट्ट्या असतील तर ५१.२. जीटीएक्स १६५० हे आता जुनं झालेलं साधं डेस्कटॉप कार्ड घेतलं, तरी त्याची स्वतःची मेमरी १२८ देते. इतक्या तुटपुंज्या रस्त्यावर एक मार्गिका बंद ठेवणं परवडणारं नसतं. ८ जीबीची एक पट्टी आणि ८-८ च्या दोन, यांत गेमच्या फ्रेमचा फरक बघणाऱ्याला चकित करतो. आणि दुकानात तर दोन्हींचा प्रोसेसर 'सेम' असतो.

इंटेलने या फरकाची खूण नावातच ठेवली आहे. २०२० पासूनच्या त्यांच्या अनेक चिपमध्ये 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स असतं. पण मेमरी दोन चॅनेलवर चालत नसेल तर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दिसतं. खोक्यावर आयरिस एक्सई आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडी दिसलं, तर आधी रॅमची एकच पट्टी आहे का ते बघा. 'सीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम मेमरीच्या पानावर चॅनेल किती ते सरळ सांगतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि बदलता येत नाही. ती एलपीडीडीआर जातीची असेल तर सहसा रुंद मार्गावरच जोडलेली असते, म्हणून त्या बाबतीत घाबरायचं कारण नाही, फक्त पुढे वाढवता येणार नाही हे मान्य करून १६ जीबीच घ्यावी. ८ जीबीतून विंडोज, ब्राउझर आणि ग्राफिक्सचा वाटा गेला की गेमसाठी फार थोडं उरतं.

नावांचा गोंधळ इथेच थांबत नाही. एएमडीने २०२२ मध्ये नावांची नवी पद्धत आणली. तीत रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७६४०यू हे तिघेही 'रायझन ५' आणि तिघेही 'सात हजारी'. पहिल्याच्या ग्राफिक्समध्ये गणन-एकक २, दुसऱ्यात जुन्या व्हेगा जातीचे ७, तिसऱ्यात नव्या जातीचे ८. पहिला प्रोसेसर 'झेन २' या जुन्या रचनेचा, तिसरा 'झेन ४' चा. आकड्यातला तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. जाहिरातीत मात्र पहिला अंकच मोठ्या अक्षरात असतो. इंटेलमध्येही अशी जागा आहे. आय-फाइव्ह १२४५०एच हा १२३५यूपेक्षा वरचा, जास्त वॅटचा प्रोसेसर. पण १२३५यूच्या ग्राफिक्समध्ये ८० एकक आहेत, १२४५०एचमध्ये ४८. कारण 'एच' चिप वेगळ्या ग्राफिक्स कार्डासोबत बसवली जाईल असं गृहीत धरलेलं असतं. ते कार्ड नसलेला १२४५०एचचा लॅपटॉप 'जास्त पावरफुल' म्हणून गेमसाठी घेतला, तर पैसे जास्त जाऊन ग्राफिक्स कमी मिळतं. म्हणून दुकानात प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या.

वेगळं कार्ड असलेला लॅपटॉप घेत असाल तर त्याचे वॅट विचारा. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉप आवृत्तीला एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॅटपर्यंतची मुभा दिली आहे, आणि तिची वरची गती त्यानुसार १४७० ते २३७० मेगाहर्ट्झच्या दरम्यान कुठेही असू शकते. नाव एकच, यंत्रं दोन. पातळ लॅपटॉपमध्ये बसवलेलं कार्ड सहसा खालच्या बाजूचं असतं. २०२१ पासून एनव्हिडियाने हे वॅट जाहीर करायला लॅपटॉप कंपन्यांना सांगितलं आहे, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशिलात ते बहुतेकदा सापडतात. कार्डाचा हा आकडा माहीत नसताना केलेली कुठलीही तुलना व्यर्थ आहे.

गेमचा स्वभावही बघायला हवा. 'व्हॅलोरंट' २०२० मध्ये आला तेव्हा त्याच्या किमान अपेक्षेत इंटेल एचडी ४००० होतं, म्हणजे २०१२ च्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स, सेकंदाला ३० फ्रेमसाठी. आजचा कुठलाही बरा साधा लॅपटॉप तो आरामात चालवतो, आणि तिथे खरा भार प्रोसेसरवर असतो. २०१५ मध्ये संगणकावर आलेला 'जीटीए फाइव्ह' थोडं रेझोल्यूशन उतरवलं की चालतो. पण मार्च २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'ची किमान अपेक्षाच १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं वेगळं कार्ड अशी आहे. 'गेम चालतो का' या प्रश्नात गेमचं नाव नसेल तर उत्तर देणाऱ्यालाही काही सांगता येत नाही. मॅकबुक घेणाऱ्यांनी एवढं पाहावं की त्यांचा गेम मॅकसाठी निघालेला आहे का. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह निघालेले नाहीत, मग चिप कितीही जोरकस असो. २०२४ मध्ये आलेल्या स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपवरही आधी हीच चौकशी करावी, कारण ऑनलाइन गेमच्या फसवणूक-विरोधी यंत्रणा तिथे अडून बसलेल्या आढळल्या.

घरी आणलेल्या लॅपटॉपची चाचणी घ्यायला दुपार पुरते. परत करण्याची मुदत असेपर्यंतच ती घ्या. विंडोजचे अपडेट आधी उरकू द्या, चार्जर लावा, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप मुद्दाम गती कमी ठेवतात. आणि तो सोबत आलेला मूळ चार्जरच असू द्या. नव्याने टाकलेला गेम पहिल्या फेरीत दृश्यांची तयारी करताना झटके देतो, ती फेरी मोजू नका. फ्रेमची नोंद ठेवायला 'कॅपफ्रेमएक्स' मोफत मिळतं. गेमच्या दुसऱ्या मिनिटाला तीन मिनिटांची नोंद घ्या, खेळत राहा, आणि सत्ताविसाव्या मिनिटाला त्याच जागी, तसाच प्रसंग पुन्हा नोंदवा. जीटीए फाइव्ह, सायबरपंक २०७७, शॅडो ऑफ द टूम रेडर यांत तयार चाचणी-दृश्य असतं, त्यामुळे दोन्ही वेळा जवळपास तेच मोजलं जातं. व्हॅलोरंटमध्ये सरावाच्या मैदानावर मोजू नका. धूर, भिंती आणि दहा खेळाडू असलेला खरा सामना त्याहून जड असतो. मग दोन नोंदींची सरासरी आणि वन पर्सेंट लो शेजारी शेजारी लिहा, आणि खोलीचं तापमानही. दुसऱ्या नोंदीतला वन पर्सेंट लो, हाच माझ्या मते त्या लॅपटॉपचा खरा आकडा. यूट्यूबवरच्या चाचण्याही याच नजरेने पाहाव्यात: रॅमच्या पट्ट्या किती, कोपऱ्यात वॅट दाखवलेत का, आणि चित्रण गेम सुरू केल्या केल्याचं आहे की बऱ्याच वेळानंतरचं.

आकडा कमी आला म्हणून लॅपटॉप वाया गेला असं मुळीच नाही. व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचं यंत्र आणलं. त्याची चिप ४ ते १५ वॅटची, म्हणजे साध्या लॅपटॉपच्याच वर्गातली, आणि तिच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तरी त्यावर सायबरपंक चालतो. एक कारण म्हणजे त्याचा पडदा १२८० बाय ८०० चा आहे. १०,२४,००० ठिपके, फुल एचडीच्या निम्म्याहूनही थोडे कमी. तुमच्या लॅपटॉपवर गेमचं रेझोल्यूशन १२८० बाय ७२० ला आणलंत, तर काम तेवढंच हलकं होतं. एफएसआर किंवा एक्सईएसएस यांसारखी सोय गेममध्ये असेल तर लहान चित्र रंगवून ते मोठं करण्याचं काम ती बरंच नीट करते. मधल्या कृत्रिम फ्रेम भरणारी सोय मात्र मूळ फ्रेम पुरेशा असल्याशिवाय वापरू नये. चित्र मऊ हलतं, पण हाताला प्रतिसाद उशिरानेच मिळत राहतो.

स्टीम डेककडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेमला घातलेली मर्यादा. २०२२ च्या मे महिन्यात त्याच्या पडद्याची गती ४० पर्यंत उतरवायची सोय आली. सेकंदाला ४० म्हणजे फ्रेममागे २५ मिलिसेकंद, ६० च्या १६.७ आणि ३० च्या ३३.३ यांच्या बरोबर मध्यावर. साध्या लॅपटॉपचा पडदा बहुतेकदा ६० हर्ट्झला बांधलेला असतो. त्यावर ४० ची मर्यादा घातली तर फ्रेम एकदा १६.७ आणि एकदा ३३.३ अशा आळीपाळीने दिसतात आणि खडखडतात. तिथे ३० ची मर्यादा जास्त बरी, निदान कथा सांगणाऱ्या, निवांत खेळायच्या गेममध्ये. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर ४० नेमके बसतात. मर्यादा घातली की चिप उगाच ४७, ५२, ३८ अशी धडपड करत नाही, कमी तापते, आणि तिसाव्या मिनिटासाठी तिच्यात दम शिल्लक राहतो.

आणि तो नळाचा उपाय. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० वरून ९९ टक्के केली की प्रोसेसरची वरची उसळी बंद होते. नुसतं ऐकताना हे तोट्याचं वाटतं. पण ग्राफिक्सवर अडलेल्या गेममध्ये प्रोसेसरने सोडलेले वॅट ग्राफिक्सला मिळतात आणि फ्रेम वाढू शकतात, पंख्याचा आवाजही उतरतो. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये याने नुकसानच होईल. म्हणून एकदा १०० वर आणि एकदा ९९ वर, तीच सत्ताविसाव्या मिनिटाची नोंद घ्या. जो आकडा वर येईल तो त्या गेमसाठी ठेवा आणि कामाला बसताना पुन्हा १०० करा.